खारा बांगडा आणि माझी सनई

कुणी विचारो न विचारो, मी सांगतोच. आज सकाळी माझं बीपी एकशे सव्वीस-ऐंशी होतं. पोलादपूरच्या स्टँडवरून माझ्या मिनीडोरमध्ये, म्हणजे तीनचाकी वडापच्या गाडीत, बसलेला प्रत्येक पॅसेंजर हा आकडा ऐकूनच खाली उतरतो. आमची सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "लोकं भाडं देतात ती घरी जायला, तुमचा आकडा ऐकायला नाय." ऐकू देत की! मागच्याच्या मागच्या शिमग्यात हा आकडा दोनशेच्या वर होता. तो खाली आणायला मला एक अख्खं वर्ष लागलं, त्यामुळे फुशारकी मारायचा हक्क मी कमावलाय.

हे लिहायला सांगितलं महाडच्या डॉक्टर बाईंनी. म्हणाल्या, "हरीदा, पेशंट माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. बोलता तसंच लिहा." मी दहावीपर्यंत शिकलोय, शुद्धलेखन बघू नका.

मी हरिश्चंद्र. वय बावन्न. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला डोंगरउतारावर आमची वाडी. पोटासाठी मिनीडोर चालवतो, पण पंचक्रोशीत मला ओळखतात ते सनईमुळे. आमच्याकडे लग्न असो, गणपती असो, शिमगा असो, खालूबाजा लागतोच. एक सनई, एक ढोल, एक टिमकी. ढोल माझा दोस्त तुका वाजवतो, टिमकी त्याचा भाऊ, आणि सनई मी. माझ्या आधी माझा बाप वाजवायचा. शिमग्याला ग्रामदेवी काळकाईची पालखी घरोघर फिरते, आणि सनई वाजल्याशिवाय ती सहाणेवरून, म्हणजे देवळासमोरच्या दगडी ओट्यावरून, उठतच नाही. तशी आमची रीतच आहे.

रक्त

त्या शिमग्याला दुपारपासून डोकं ठणकत होतं. मी म्हटलं, उन्हानं असेल. तंबाखूचा बार भरला, वर कडक चहा मारला आणि पालखीपुढे उभा राहिलो. पालखी नाचवणारी पोरं रंगात आली होती, मीही रंगात आलो. एक लांब सूर धरला. धरला तो धरलाच, तुका ढोलावरून माझ्याकडे बघून हसला. आणि एकदम ओठांवर काहीतरी गरम आलं. घाम असेल म्हणून मी जिभेनं पुसलं, तर चव रक्ताची. नाकातून धार लागली होती. सनईच्या पितळी तोंडातून थेंब पडायला लागले तेव्हा तुकानं ढोल थांबवला.

अख्ख्या वाडीसमोर, देवीसमोर, मी खाली बसलो. कुणी म्हणालं देवी कोपली, कुणी म्हणालं कांदा लावा नाकाला. सुनंदा बायकांच्या घोळक्यातून धावत आली आणि माझ्याच मिनीडोरमध्ये मला टाकून तुकाला म्हणाली, "चालव महाडला. देवीला गाऱ्हाणं मागनं घाला."

तुकाला मिनीडोर धड चालवता येत नाही. नाकातल्या रक्तापेक्षा मला त्याच्या गिअरची भीती जास्त वाटत होती, हे खरं सांगतो.

तीन दिवस

दोनशे आठ-एकशे अठरा. सिस्टरनं आकडा वाचला आणि पुन्हा पट्टा आवळला. पुन्हा तोच आकडा. मग ती धावतच डॉक्टर बाईंना बोलवायला गेली, आणि ती धावली म्हणून मी घाबरलो.

दवाखान्यातला दिवस म्हणजे पट्टा. सकाळी पट्टा, दुपारी पट्टा, झोप लागली की पट्टा. मधल्या वेळेत आमटी, ती अशी की पाण्याला डाळीची ओळख करून दिलेली. शेजारच्या कॉटवर महाडचेच एक चाचा होते, वीस वर्षं कुवेतला ट्रेलर चालवून आलेले. मी सिस्टरवर खेकसलो, तसं ते हसले. "भाई, माझंपण असंच होतं. बरं वाटतंय, मग गोळी कशाला? वर्षभर घेतली नाय." मग त्यांनी उजव्या हातानं आपला डावा हात उचलून मांडीवर ठेवला. तो हात आपला आपण उठत नव्हता. पुढचे दोन दिवस मी सिस्टरला उलट बोललो नाही.

कारण चाचांच्या हाताकडे बघताना मला बाप दिसला होता.

बापाला अठ्ठावन्नाव्या वर्षी लकवा मारला. तोंड डावीकडे वाकडं झालं. पुढे दोन वर्षं जगला, जेवायचा, हळूहळू चालायचाही. पण सनई ओठांत धरली की वाकड्या कोपऱ्यातून हवा फुस्सकन निघून जायची. तो पुन्हा धरायचा, पुन्हा फुस्स. शेवटी सनई पुसून खुंटीला लावायचा आणि अंगणात जाऊन बसायचा. आम्ही तेव्हा म्हणायचो, कुणाची तरी नजर लागली. त्याचं बीपी कधी कुणी मोजलंच नव्हतं.

डॉक्टर बाईंनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "गोळ्या सुरू करते, त्या चुकवायच्या नाहीत. पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. तंबाखू बंद. रोज चालायचं. वजन आठ किलो कमी. मीठ कमी."

"आणि सनई?"

"सध्या अजिबात नाही. सलग तीन महिने एकशे चाळीस-नव्वदच्या खाली राहिलात तर बघू."

मरणाची भीती मला वाटली नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती तोंड वाकडं व्हायची होती, हे मी सुनंदालाही सांगितलं नाही. घरी आल्यावर बापाची सनई आणि माझी सनई, दोन्ही एका खुंटीला दिसल्या. मी माझी काढून पेटीत टाकली.

तीन कामं मी चोख केली

तंबाखू सोडली. पहिले पंधरा दिवस मी इतका तापट झालो होतो की रोजचे पॅसेंजर दुसऱ्याच्या गाडीत बसायला लागले. हात आपोआप खिशात जायचा. डबीच्या जागी सुनंदानं बडीशेप भरून दिली. बडीशेपेनं काय होतंय? काही होत नाही. पण हाताला काम मिळतं.

चालायला लागलो. वाडीपासून खालच्या फाट्यापर्यंत दोन किलोमीटरचा उतार आहे. मिनीडोर फाट्यावरच ठेवायची, सकाळी उतरायचं, संध्याकाळी चढायचं. लोकांना वाटलं माझी गाडी ओढून नेली. "हरीदा, गाडी विकलीस काय रे?" असं विचारलं नाही असं एक घर वाडीत नव्हतं. पावसाळ्यात छत्री उलटी व्हायची, ओढ्याला पाणी चढलं की वळसा पडायचा, तरी मी चालणं सोडलं नाही.

गोळी एकदाही चुकवली नाही. मुंबईला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीनं, प्रणालीनं, बीपीचं मशीन पाठवलं. रोज सकाळी सुनंदा मला बसवायची, पट्टा आवळायची आणि वहीत लिहायची. वहीत दोन रकाने होते, आकडा आणि जेवण. आकडा येईल तो यायचा, पण जेवणाच्या रकान्यात ती चहात बुडवलेलं बटरसुद्धा लिहायची. अशी बाई सरकारी नोकरीत असती तर तहसील कचेरी सुधारली असती.

आणि मीठ? मीठही कमी केलंच होतं! ताटात वरून घ्यायचं बंद. आमटीत निम्मं. भाकरी बिनमिठाची. लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली.

तरी आकडा हटेना. एकशे अडुसष्ट. एकशे बासष्ट. एकशे सत्तर. डॉक्टर बाईंनी गोळी वाढवली, तरी एकशे साठच्या खाली काही येईना.

भांडण

आषाढातल्या एका सकाळी एकशे चौऱ्याहत्तर आलं आणि माझं टाळकं सरकलं. मी ताट सरकवून म्हणालो, "तू चोरून मीठ टाकतेस. तुला अळणी जेवण जात नाही म्हणून मला मारायला निघालीयस."

बोलून गेलो खरा. चार महिने ती माझ्यासाठी स्वतः अळणी जेवत होती. तिनं मिठाची बरणी उचलली, माझ्या समोरच मागच्या दारी गेली आणि पागोळीखाली उपडी केली. आत येऊन म्हणाली, "आता घरात मिठाचा खडा नाय. उद्यापासनं काय खोट काढाल ती बघते."

आठ दिवस घरात शब्दशः अळणी शिजलं. तोंडाला चव म्हणून उरली नाही. मग मी काकुळतीला येऊन म्हणायचो, "अगो, निदान एक बांगडा तरी भाज." आणि ती, राग धरूनसुद्धा, निखाऱ्यावर एक खारा बांगडा भाजून द्यायची. कधी सुकट परतून, कधी सुके बोंबील. आमच्याकडे मे महिन्यात महाडच्या बाजारातून सुक्या मासळीची बेगमी होते, ती पावसाळाभर पुरवायची असते. ताटात भाजी अळणी, आमटी अळणी, म्हणून पूर्वी आठवड्यातून दोनदा लागणारा बांगडा मीठ कमी केल्यापासून दिवसाआड लागत होता, तो आता रोज लागायला लागला.

हुशार वाचकाच्या लक्षात आलं असेल. आमच्या दोघांच्याही आलं नाही. आमच्याकडे मीठ म्हणजे बरणीतलं मीठ. मासळी म्हणजे मासळी. ती मिठात मुरवून, वाळवून आली असली तरी तिला कुणी मीठ म्हणत नाही.

श्रावण

श्रावण लागला. आमच्या घरात श्रावणात मासळी चालत नाही, सुकीसुद्धा नाही. बरणीत निम्मं मीठ परत आलं होतं, भांडण निवळलं होतं. पंधरा दिवसांत आकडा एकशे बावन्न झाला. महिना संपता संपता एकशे अडतीस. मी स्टँडवर पेढे वाटायचा बाकी होतो. तुकाला म्हटलं, "बघितलंस? सोमवार धरले, देवी पावली."

गणपतीला तुका ढोल घेऊन एकटाच उभा राहिला. तीन महिने पुरे झाले नव्हते, म्हणून मी सनई काढली नाही. ढोल वाजत होता आणि वरचा सूर नव्हता. मी मागच्या पडवीत जाऊन रडलो. बायकोनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

गणपती गेले. सुकी मासळी माळ्यावरून खाली आली. आठवड्यात एकशे बावन्न, मग एकशे साठ. मी हबकलो. चालणं तेच, गोळी तीच, तंबाखू नाहीच. मग हे काय?

सुनंदा वही घेऊन उंबऱ्यावर बसली. कितीतरी वेळ पानं मागे-पुढे करत होती. मग बोटानं रकाना धरून म्हणाली, "अवो, इकडं या. श्रावणात आकडा उतरला. गणपती झाल्यावर चढला. श्रावणात आपण काय खाल्लं नाय?"

आम्ही दोघांनी एकदमच माळ्याकडे बघितलं. दोरीला खारे बांगडे लटकत होते.

दुसऱ्या दिवशी दोघं वही घेऊन महाडला. डॉक्टर बाईंनी वही वाचली, कपाळाला हात लावला आणि हसायलाच लागल्या. "हरीदा, तुम्ही मिठाची बरणी पागोळीखाली ओतलीत आणि मिठात झोपलेला बांगडा रोज खाल्लात!" मग गंभीर झाल्या. "चूक माझीसुद्धा आहे. मी मीठ म्हटलं, सुकं म्हटलं नाही. आता प्रत्येक पेशंटला आधी सुक्याचं विचारते."

परतीच्या वाटेवर मी सुनंदाची माफी मागितली. आषाढापासून मागायची राहिली होती. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माफी ऱ्हाऊ दे. माळ्यावरचे बांगडे तुमच्या हातानं उतरवा." उतरवले. तुकाला दिले, तर तो म्हणतो, "मला मारतोस काय रे!" त्यानं आपलं बीपी मोजून घेतलं. नीट निघालं त्याचं, नशीबवान माणूस.

आता मी ताजी मासळी खातो, नदीची किंवा बाजारातली, आमसूल आणि त्रिफळ घालून. मिठाची आठवण येत नाही असं खोटं सांगणार नाही. पहिला महिना येते. नंतर जीभ शहाणी होते.

बैठक

पौषापर्यंत सलग तीन महिने आकडा एकशे तीसच्या आसपास राहिला. वजन नऊ किलो उतरलं. दोन गोळ्यांची एक झाली, आणि ती डॉक्टर बाईंनी कमी केली, मी नव्हे. हे मुद्दाम लिहितो, कारण आपली आपण गोळी सोडणारे शूरवीर आमच्या भागात फार आहेत. सनईलाही परवानगी मिळाली. रोज थोडा वेळ, दमलो की थांबायचं, आणि ज्या दिवशी एकशे चाळीसच्या वर असेल त्या दिवशी हात लावायचा नाही.

पहिल्या दिवशी पेटी उघडली, ओठांत सनई धरली, तर दोन मिनिटांत गाल दुखले. सूरही कापत होता. पण तोंडाच्या कोपऱ्यातून हवा निसटली नाही. मी आरशात जाऊन तोंड बघून आलो. सरळ होतं.

माघात शिमग्याची बैठक झाली. मुंबईकर मंडळींच्या वतीनं सुभाष आला होता. भला माणूस आहे. म्हणाला, "हरीदा, राग मानू नका, तुमच्या हेल्थसाठीच बोलतो. परत पालखीसमोर काय झालं तर? आम्ही बेंजो पार्टी बघून ठेवलीय. टेन्शनच नको."

बैठकीत माना डोलल्या, म्हणजे सगळ्यांना पटलं होतं. माझ्या डोक्याची शीर उडायला लागली. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून सुनंदा उभी राहिली. आमच्या बैठकीत बायका बसतात, बोलत नाहीत. ती बोलली.

"सहाणेवर मशीन मी आणीन. सगळ्या गावासमोर लावीन. एकशे चाळीसच्या वर गेलं, तर माझा नवरा सनईला हात लावणार नाय. खाली असलं, तर तुमचा बेंजो कशेडी घाटाच्या पलीकडं ठेवा."

तुकानं मांडीवर थाप मारली. "ठरलं!"

सहाण

शिमग्याचा दिवस. पालखी सहाणेवर सजून बसलेली, वाडीची माणसं गोळा झालेली, मुंबईहून आलेली पोरं मोबाईल उगारून उभी. बाजूला बेंजोवाले आपली पेटी उघडून तयार. मी चढ चढून आलो, ओट्याच्या कडेला बसलो, हात पुढे केला. सुनंदानं पट्टा आवळला. मशीन घरघरलं.

एकशे छप्पन्न.

सुभाषनं आकडा बघितला आणि मान खाली घातली. त्याला आनंद झाला नव्हता, हे मी बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे रे, उगाच जिवाशी खेळ नको." वर्षभर चढलो-उतरलो, तोंड अळणी केलं, आणि देवीच्या दारात हे?

सुनंदा मात्र वळली आणि अख्ख्या गावाला म्हणाली, "हा माणूस आत्ता चढ चढून आलाय. मशीन पाच मिनिटं गप्प बसल्यावर लावायचं असतं. आता कुणी बोलायचं नाय. तुका, ढोलाचं टिपरू खाली ठेव."

शिमग्याच्या दिवशी आमची वाडी गप्प बसली, असं माझ्या जन्मात झालं नव्हतं. पाय जमिनीला टेकवले, पाठ खांबाला लावली. समोर पालखीतला देवीचा रुपेरी मुखवटा. मी देवीकडे काही मागितलं नाही. बापाला आठवलं, त्याचं ते फुस्स आठवलं, आणि श्वास आत घेतला, बाहेर सोडला. आत, बाहेर. लहान पोरंसुद्धा हलत नव्हती.

मशीन पुन्हा घरघरलं. सुनंदानं आकडा बघितला. तिनं मशीन सुभाषच्या हातात दिलं.

"वाच तूच."

सुभाषनं चष्मा वर केला. "एकशे चौतीस-ब्याऐंशी," तो म्हणाला, आणि मग ओरडला, "एकशे चौतीस!"

कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी गुलाल उधळला. बेंजोवाल्यानं हसत पेटी मिटली. मी सनई काढली. माझी नव्हे, त्या दिवशी मी बापाची आणली होती. ओठांत धरली, हळूच फुंकली. पहिला सूर लागला, तुकाच्या ढोलानं तो उचलला आणि पालखी सहाणेवरून उठली. दमलो की थांबत होतो, सुनंदा पाणी देत होती, मग पुन्हा वाजवत होतो. पालखी सगळ्या घरांत फिरून आली आणि माझ्या नाकातून फक्त श्वास येत होता.

घरी आल्यावर ती वही घेऊन बसली. आकडा लिहिला. मग जेवणाच्या रकान्यात काहीतरी लिहून वही मिटली. मी दुसऱ्या दिवशी हळूच उघडून बघितलं. तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं: "पुरणपोळी – अर्धी. सनई – पोटभर."